"पाणी सांडून राह्यलं": पॅनोरमा फोटोंवर गावातल्या लोकांचा उपयोगी अभिप्राय कसा मिळवावा

लोणारच्या काठावरून काढलेला ३६० अंशांचा फोटो मी आमच्या मोठ्या काकांना दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, फोटो दोनदा गोल फिरवला आणि म्हणाले, "काय रे, तळ्यातलं पाणी सांडून राह्यलं ना!"

तो फोटो त्याआधी दोन आठवडे आमच्या साइटवर होता. "छान", "मस्त", "अप्रतिम" असे भरपूर प्रतिसाद आले होते. क्षितिज तीनेक अंशांनी कललेलं आहे, हे मात्र कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मलाही दिसलं नव्हतं. काकांनी जन्मभर शेताला पाणी दिलंय. उतार कुठं आहे हे त्यांना विचारावं लागत नाही.

आम्ही तिघं-चौघं मिळून विदर्भातल्या गावांचे, किल्ल्यांचे, नदीकाठांचे पॅनोरमा, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेले आणि बोटानं गोल फिरवून बघायचे फोटो, एका छोट्या साइटवर ठेवतो. बघणारे बहुतेक लोक गावातलेच असतात. त्यांच्याकडून अभिप्राय घेताना जे शिकलो, ते इथं क्रमानं लिहितोय. असं काम करणाऱ्या कोणालाही, मग ती शाळा असो, ग्रामपंचायत असो की एकटा हौशी फोटोवाला, ते उपयोगी पडावं.

साइटबद्दल विचारू नका, ठिकाणाबद्दल विचारा

"आमची साइट कशी वाटली?" असं विचारलं की गावातला माणूस "चांगली हाय" म्हणतो. पाहुण्यानं केलेल्या भाजीला कोणी नावं ठेवत नाही, तसंच हे. शिवाय साइट म्हणजे आपला विषय नाही, असं त्याला वाटतं. चुकीचं बोललो तर काय, हा संकोच असतो.

तेच, "मामा, हा तुमच्या गावचा पार. यात काही चुकलंय का बघा," असं विचारून बघा. आता विषय त्याचा झाला. पाराबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तो ते सांगतो. सांगता सांगता साइटमधल्या अडचणीही बाहेर येतात: "तो वड कुठं गेला? हां, इकडं हाय. पण सरकतच नाही हा."

म्हणून पहिली पायरी अशी: विचारायला जाण्याआधी त्या माणसाच्या ओळखीच्या ठिकाणाचा फोटो निवडा. चिखलदऱ्याच्या माणसाला गाविलगड दाखवा, सिंदखेडराजाच्या माणसाला लखुजी जाधवांचा वाडा दाखवा. अनोळखी जागेच्या फोटोवर कौतुकच मिळतं.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट जाणून घ्यायला जा. फोटो फिरवता येतो का? आपलं ठिकाण शोधता येतं का? माहितीचा मजकूर वाचता येतो का? तिन्ही एकदम विचारले तर एकाचंही नीट उत्तर हाती लागत नाही.

शेजारी बसा, मोबाइल त्यांच्या हातात द्या

मोबाइलही त्यांचाच हवा, तुमचा नको. तुमचा फोन नवा असतो, साइट त्यात आधीच उघडलेली असते, नेट चांगलं असतं. त्यांच्या फोनची काच तडकलेली असेल, स्टोरेज भरलेलं असेल, नेट पाण्याच्या टाकीजवळ गेल्याशिवाय येत नसेल. साइट नेमकी त्याच फोनवर चालायची आहे.

किती जणांबरोबर बसायचं? वापरसुलभतेवर काम करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांबरोबर चाचणी घेतली तर अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के सापडतात. वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातले तीन-चार घ्या, असंही त्यांचंच सांगणं. गावात आम्ही तीन गट धरतो: शाळेतली मुलं, बचत गटातल्या बाया आणि पारावर बसणारी वडीलधारी मंडळी. पोरं पाच मिनिटांत सगळं शोधून काढतात, म्हणून फक्त पोरांना विचारून समाधान मानू नका.

बसल्यावर काम सांगा, कृती सांगू नका. "बोटानं डावीकडं सरकवा" म्हटलं की चाचणी संपली, कारण तुम्हीच उत्तर देऊन टाकलं. "काकू, यात मारुतीचं देऊळ कुठं हाय ते दाखवता का?" असं म्हणा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड असतं. काकूंचं बोट भलतीकडं जातं आणि आपला हात आपोआप पुढं होतो. हात मांडीखाली ठेवा. त्या अडल्या तर कुठं अडल्या, किती वेळ अडल्या, अडल्यावर काय पुटपुटल्या, ते लिहा.

एका बचत गटाच्या बैठकीत बघितलेलं सांगतो. एका काकूंनी फोटो फिरवायला बोट स्क्रीनच्या अगदी कडेपासून ओढलं आणि पान बंद झालं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. "हा फोटो पळून जाते," त्या म्हणाल्या. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये कडेवरून आत बोट ओढलं की "मागे जा" असा अर्थ होतो. पॅनोरमा कडेपर्यंत पसरलेला होता आणि आम्ही स्वतः नेहमी मधूनच ओढत होतो, त्यामुळं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी पट्टी ठेवतो. खालीही एक पट्टी लागते. फोटोनं सगळी स्क्रीन व्यापली तर पान वर सरकवायला बोट टेकायला जागाच उरत नाही, माणूस फोटोतच अडकतो.

तक्रारीचा अर्थ लावणं

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा इथं आहे. लोक कुठं बिघडलंय ते अचूक सांगतात. का बिघडलंय ते आपण शोधायचं. त्यांनी सुचवलेला उपाय जसाच्या तसा करायला जाऊ नका, पण त्यांनी दाखवलेली जागा कधीही सोडू नका.

"पाणी सांडून राह्यलं", "देऊळ कलंडलं", "शेत चढावर गेलं": हे सगळं क्षितिजाचं दुखणं. ट्रायपॉड वाकडा होता किंवा फोटो जोडताना सरळ केला नाही. सपाट उलगडलेल्या चित्रात असं क्षितिज नागमोडी दिसतं. फिरवून बघताना एकीकडं खाली जातं आणि पाठीमागं वर चढतं. उपाय फोटोतच असतो: देवळाचा खांब, विजेचा खांब, घराचा कोपरा अशा उभ्या रेषा शोधा. ह्युगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या रेषांवर उभे नियंत्रण बिंदू (ही रेष सरळ उभी आहे असं सांगणाऱ्या खुणा) ठेवले की चित्र सरळ करता येतं. लोणारला खांब नव्हते, तेव्हा पलीकडच्या काठावरची पाण्याची रेघ धरून आडवे बिंदू दिले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, त्यामुळं ही रेघ लांबलचक मिळते.

"बैलाले पाय पाच", "माणूस अर्धाच": दोन फोटोंच्या मध्ये बैल हलला. जोडताना एकाच फोटोतला बैल ठेवायचा आणि दुसरा झाकायचा, म्हणजे हे सुटतं. काढतानाच शेजारच्या दोन फोटोंत २५ ते ३० टक्के भाग सारखा ठेवला असेल तर झाकायला मोकळीक मिळते.

"कमान तुटली" ही तक्रार वरच्यासारखीच वाटते, पण कारण निराळं असतं. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाच्या फोटोत कोरीवकाम एका ठिकाणी खंडित दिसत होतं. दगड काही हलत नाही. झालं असं की कॅमेरा फिरताना त्याचं भिंगही जागचं सरकत होतं. अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर उड्या मारताना दिसेल. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. दूरच्या डोंगरावर तो कळत नाही, दोन हातांवरच्या कमानीवर लगेच कळतो. अशा ठिकाणी कॅमेरा नव्हे तर भिंगाचा ठरावीक बिंदू फिरण्याचा मध्य ठेवावा लागतो. तो फोटो संगणकावर कितीही जोडला तरी जुळणार नव्हता, पुन्हा जाऊन काढावा लागला.

"अर्धं आभाळ निळं, अर्धं पांढरं": कॅमेऱ्यानं प्रत्येक फोटोचा उजेड स्वतःच्या मनानं ठरवला. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) दोन्ही फोटो काढण्याआधीच पक्के करा.

"सगळं काळंच दिसते": या तक्रारीनं आम्हाला महिनाभर फिरवलं. आमच्या कोणाच्याही फोनवर ती दिसत नव्हती. शेवटी तक्रार करणाऱ्या तिघांच्या फोनची नावं मागवली, तिन्ही जुने आणि स्वस्तातले. बऱ्याच जुन्या फोनची चित्रं दाखवणारी चिप एका बाजूला ४,०९६ पिक्सेलपर्यंतचंच चित्र घेऊ शकते. आमचा फोटो ८,१९२ बाय ४,०९६ चा होता, म्हणजे ३ कोटी ३५ लाख पिक्सेल. फाइल सात-आठ एमबीची दिसली तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात आणि तीच फोनमध्ये १३४ एमबी जागा खाते. आता प्रत्येक पॅनोरमाची ४,०९६ बाय २,०४८ ची दुसरी प्रत ठेवतो आणि फोन बघून साइट ती देते. पॅनेलमसारख्या मोफत व्ह्यूअरमध्ये चित्राचे छोटे तुकडे करून, बघतोय तेवढेच तुकडे उतरवायचीही सोय आहे. नेट मंद असलेल्या गावात ती फार कामाची. म्हणून "दिसत नाही" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न फोनच्या मॉडेलचा.

"मोबाइल फिरवला तरी फोटो फिरत नाही": स्वस्त फोनमध्ये बहुतेकदा जायरोस्कोप, म्हणजे फोन वळला की ओळखणारा भाग, नसतो. आयफोनमध्ये असतो, पण साइटला परवानगी मागावी लागते. फोनमध्ये सोय नसेल तर ते बटण दाखवूच नये. चालत नसलेलं बटण दाखवलं की माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

"चक्कर येते": फोटो आपोआप वेगात फिरत असेल तर फिरणं बंद करा. ते बंद असूनही चक्कर येत असेल तर दृष्टीचा कोन, म्हणजे एका वेळी स्क्रीनवर किती अंशांचा देखावा दिसतो ते, तपासा. उभ्या धरलेल्या मोबाइलवर आडवा कोन १०० अंश ठेवला तर उभा कोन १३० अंशांच्या पुढं जातो, खालची जमीन ताणली जाते आणि बघणाऱ्याला खड्ड्यात वाकून बघितल्यासारखं होतं. उभ्या फोनसाठी आडवा कोन ६० अंशांच्या आसपास आणल्यावर आमच्याकडं ही तक्रार जवळपास थांबली.

"माणसं लांबट झाली" ही तक्रार लोकांनी स्वतः पाठवलेल्या फोटोंवर येते. पूर्ण गोलाचा फोटो रुंदीला उंचीच्या दुप्पट असतो. फोनच्या साध्या पॅनोरमा मोडमधली लांब पट्टी तशी नसते. तिला गोल समजून दाखवलं की ती वर-खाली ताणली जाते. चित्र गोलाचा किती भाग आहे ही नोंद फाइलच्या आत असू शकते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना फाइल दाबली जाते आणि नोंद गळून पडते. पाठवणाऱ्याला एवढंच सांगा: "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

"इथं" म्हणजे कुठं?

साध्या फोटोवर "उजव्या कोपऱ्यात" म्हटलं की कळतं. गोल फोटोला कोपरा नसतो. "इथं जोड दिसते" असा निरोप आला की आपण अर्धा तास फोटो फिरवत बसतो.

म्हणून अभिप्रायाचं बटण फोटोवरच ठेवा. ते दाबलं त्या क्षणी माणूस कुठं बघत होता ते साइटनं आपसूक टिपावं: आडवी दिशा, वर-खालचा कोन आणि झूम. पॅनेलम या तिन्ही गोष्टी प्रोग्रॅमला विचारल्यावर सांगतं. नोंदीवर टिचकी मारली की आपल्याला तोच कोपरा समोर दिसतो. सोबत फोनचं मॉडेल आणि ब्राउझरही टिपा, आणि तसं टिपतोय हे बटणाजवळ साध्या मराठीत लिहा.

लिहायला चौकट द्या, पण बोलायचीही सोय ठेवा. टाइप करताना लोक दोन शब्दांत आटोपतात. बोलताना अख्खी गोष्ट सांगतात, तीही वऱ्हाडीत, मोकळेपणानं. आमच्याकडं आलेले उपयोगी अभिप्राय बहुतेक व्हॉइस मेसेजचेच आहेत. पाच तारे देण्याची सोय आम्ही काढून टाकली. तीन तारे मिळाले तर काय दुरुस्त करायचं, हे त्यातून कळत नाही.

मेळघाटात आणखी एक काळजी घ्या. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू गावांत मराठीत विचारलं तर उत्तर मराठीत येतं आणि छोटं येतं. कोरकू बोलणारा गावातलाच मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

नावं आणि दिशा

याच्यासाठी तरी लोकांकडं जायलाच हवं. फोटोतली चूक अनुभवी फोटोवाला शोधू शकतो, पण नाल्याचं, टेकडीचं, जुन्या विहिरीचं नाव फक्त गावालाच माहीत असतं. नकाशावर कित्येकदा ते नसतंच.

नाव विचारताना एकाच माणसावर थांबू नका. एकाच टेकडीला दोन गावं दोन नावं देतात, आणि दोन्ही खरी असतात. आम्ही दोन्ही लिहितो आणि कोणत्या गावात काय म्हणतात तेही देतो. एक कापून दुसरं ठेवलं तर पहिल्या गावातला माणूस पुन्हा काही सांगत नाही.

दिशेचंही तसंच. शेतकरी माणूस "उगवतीकडं", "मावळतीकडं" असंच बोलतो. वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवस्थानाच्या पॅनोरमात आमची उत्तर दिशा चुकून उलट बसली होती. चामोर्शीकडच्या एका भाऊंचा फोन आला: "तिथं वैनगंगा उत्तरेले वळते, म्हणून तर तीर्थ. तुमच्या फोटोत दक्षिणेले चालली." होकायंत्राचा आकडा तपासला, चूक आमचीच होती. तेव्हापासून प्रत्येक फोटो चढवण्याआधी सावल्या बघून दिशा तपासतो, आणि अभिप्राय घेताना "सूर्य कुठून उगवतो ते दाखवा" हे काम हमखास देतो.

वही

सगळ्या वाटांनी आलेले अभिप्राय एकाच ठिकाणी उतरवा. साधी वही चालते, स्प्रेडशीट असेल तर शोधायला बरं. तारीख, कोणता फोटो, कुठला कोपरा, कोणता फोन आणि माणसाचे शब्द जसेच्या तसे. "क्षितिज कललेलं" असं आपल्या भाषेत लिहू नका, "पाणी सांडून राह्यलं" हेच लिहा. आपला अर्थ शेजारच्या रकान्यात. दोन महिन्यांनी तो अर्थ चुकीचा निघाला तर मूळ शब्द तरी हाताशी राहतात.

आधी काय करायचं? किती जणांनी सांगितलं हे मोजतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस अडतो की नुसता खटकतं म्हणतो. काळी स्क्रीन तिघांनीच सांगितली होती, पण त्या तिघांना काहीच दिसत नव्हतं. आभाळाचा रंग वीस जणांना खटकला, तरी ते बघू शकत होते. काळी स्क्रीन आधी.

नको म्हणणारी माणसं

गोल फोटोत सगळंच येतं. समोरचं देऊळ काढायला जातो आणि पाठीमागं नदीवर धुणं धुणाऱ्या बायाही त्यात येतात. "आमचा फोटो काढून टाका" असा निरोप आला की कारण विचारू नका आणि पुरावा मागू नका. त्याच दिवशी चेहरा धूसर करा किंवा फोटो उतरवा. खरं तर फोटो चढवण्याआधीच चारही बाजू बघून चेहरे धूसर करायला हवेत. आम्ही ते उशिरा सुरू केलं.

अभिप्राय देणाऱ्याचा फोन नंबर घेतला असेल तर तो फक्त उत्तर द्यायला वापरा आणि गटात टाकू नका. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर त्यात पालकांची संमती सांगितली आहे. शाळेत चाचणी घेताना आम्ही मुलांची नावं, नंबर काहीच लिहीत नाही, नुसतं "सहावी, मुलगी" एवढंच.

परत कळवा

ज्यानं सांगितलं त्याला दुरुस्ती झाल्यावर सांगा. चार शब्द पुरतात: "दादा, कमान नीट झाली, बघा." सोबत त्याच कोपऱ्यावर उघडणारी लिंक द्या. करता येणार नसेल तर तेही कळवा. ज्यांना आम्ही परत कळवलं, त्यांच्याकडून दुसरा अभिप्राय आला, आणि बऱ्याचदा पहिल्यापेक्षा चांगला. तळं सरळ करून काकांना पुन्हा दाखवलं, तेव्हा त्यांनी काठावरच्या दोन झाडांची नावं सुधारून दिली.

वेळही बघा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना कोणाच्या दारात जाऊ नका. पोळ्याच्या दिवशी सगळा गाव एका जागी असतो, पण लक्ष बैलांकडं असतं. दुसऱ्या दिवशी, लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मात्र लोक निवांत भेटतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर पार भरतो.

आणि सगळ्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. फोटो दुसऱ्या कोणाच्या साइटवर ठेवत असाल तर जास्तच. पॅनोरामिओ ही ठिकाणांचे फोटो ठेवण्याची साइट २००५ साली सुरू झाली, २००७ साली गूगलनं ती घेतली आणि २०१६ साली ती बंद झाली. फोटो तर आपल्या संगणकावर असतोच. त्याखाली लोकांनी सांगितलेली नावं आणि दुरुस्त्या मात्र साइटसोबतच जातात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही वहीतली नवी पानं, व्हॉइस मेसेज आणि स्प्रेडशीट दोन पेनड्राइव्हवर उतरवतो. एक माझ्याकडं राहतो, दुसरा तालुक्याच्या गावी मित्राकडं. व्हॉइस मेसेजच्या फाइलला तारीख, गाव आणि फोटोचा क्रमांक असं नाव देतो, म्हणजे न ऐकताही तो कशाबद्दल आहे ते कळतं.